शालेय मानसशास्त्रज्ञ होताना: पर्यवेक्षित इंटर्नशिपचे वर्ष कसे आखावे आणि कसे पार पाडावे

अमेरिकेत शालेय मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे असेल, तर पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे शेवटचे वर्ष बहुतांशी शाळेतच जाते. या वर्षात विद्यार्थी इंटर्न म्हणून मुलांचे मूल्यमापन करतो, अहवाल लिहितो, पालक आणि शिक्षकांच्या बैठकांना बसतो, आणि या सगळ्यावर एखाद्या अनुभवी शालेय मानसशास्त्रज्ञाची देखरेख असते. नियम तासांत लिहिलेले असल्यामुळे अनेक विद्यार्थी या वर्षाकडे भरायच्या तासांचा हिशेब म्हणून पाहू लागतात. नियमित काम करणाऱ्याचे तास भरतातच. एखाद्या मुलाबद्दल आपण अमुक निष्कर्ष का काढला आणि दुसरा का बाजूला ठेवला, हे पर्यवेक्षकापुढे मोकळेपणाने उलगडून सांगण्याची सवय मात्र जाणीवपूर्वक लावून घ्यावी लागते, आणि माझ्या मते वर्षाचे फलित तिच्यावरच ठरते.

पात्रता आणि तासांची चौकट

या व्यवसायाची राष्ट्रीय मानके नॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल सायकॉलॉजिस्ट्स ही संघटना ठरवते. तिला सगळे ‘नॅस्प’ म्हणूनच ओळखतात. शाळांमध्ये काम करणारे बहुसंख्य लोक ‘स्पेशालिस्ट’ पातळीची पदवी घेतात. ती साधारण तीन वर्षांची असून तिच्यासाठी किमान ६० क्रेडिट लागतात, आणि त्यांपैकी ५४ क्रेडिट इंटर्नशिप वगळून मिळवावे लागतात. इंटर्नशिप किमान १२०० तासांची असते व त्यांतले किमान ६०० तास शाळेतच झाले पाहिजेत. ती एका शैक्षणिक वर्षात पूर्णवेळ किंवा सलग दोन वर्षांत अर्धवेळ करता येते. पीएचडी करणाऱ्यांसाठी ही किमान मर्यादा १५०० तासांची आहे. पूर्णवेळ इंटर्नला आठवड्याला सरासरी दोन तास पर्यवेक्षण मिळावे अशी अपेक्षा असते.

इंटर्नशिपच्या आधी प्रॅक्टिकम होते, आणि दोहोंतला फरक लक्षात ठेवावा. प्रॅक्टिकममध्ये चाचणी घेणे, निरीक्षण करणे, मुलाखत घेणे अशी सुटी कौशल्ये शिकली जातात. इंटर्नशिपमध्ये मुलाची संपूर्ण केस, पहिल्या चौकशीपासून शेवटच्या बैठकीपर्यंत, तुमच्या हाती येते. परवान्याचे नियम मात्र प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत, त्यामुळे पुढे ज्या राज्यात नोकरी करायची आहे तिथल्या शिक्षण विभागाच्या अटी अर्ज करण्याआधीच वाचून ठेवाव्यात. बाहेरच्या देशातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याने शिक्षणादरम्यानच्या कामाची परवानगी, म्हणजे सीपीटी, पहिल्या दिवसाच्या आधी हातात घेतली पाहिजे. पूर्णवेळ सीपीटी बारा महिने किंवा त्याहून अधिक झाला, तर त्याच पदवीनंतर मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीचा, म्हणजे ओपीटीचा, हक्क जातो. म्हणून तारखा ठरवतानाच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी बोलून घ्यावे.

जागा निवडताना काय विचारावे

स्पेशालिस्ट पातळीवरचे अर्ज बहुधा थेट शालेय जिल्ह्यांकडे, म्हणजे त्या त्या भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थांकडे, जातात. काही जागांना पगार असतो, काहींना मानधन, तर काहींना काहीच मिळत नाही. पैशाचा प्रश्न खरा आहे आणि तो विचारण्यात कमीपणा नाही. तरीही निवडीचा पहिला निकष पर्यवेक्षक असावा. मुलाखतीत तुम्हाला प्रश्न विचारले जातील तसे तुम्हीही विचारा: माझा पर्यवेक्षक त्याच इमारतीत असेल की दुसऱ्या शाळेत? पर्यवेक्षणाची वेळ आठवड्याच्या वेळापत्रकात ठरलेली आहे का? याआधी त्यांनी इंटर्न घेतले आहेत का? वर्षाच्या मध्यावर माझ्याकडे किती केसेस असतील?

शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. एका शालेय मानसशास्त्रज्ञामागे ५०० विद्यार्थी असावेत अशी नॅस्पची शिफारस आहे, पण प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी हे प्रमाण बरेच अधिक आहे. मनुष्यबळ अपुरे असलेल्या जिल्ह्याला इंटर्न म्हणजे चाचण्या उरकणारा जादा हात वाटण्याचा धोका असतो. संपूर्ण वर्ष केवळ मूल्यमापनात गेले, तर समुपदेशन, शिक्षकांशी सल्लामसलत, वर्तनविषयक उपाययोजना, संकटकाळातील मदत ही कामे न शिकताच तुम्ही परवानाधारक व्हाल. नॅस्पने या कामाची दहा क्षेत्रे सांगितली आहेत. त्यांपैकी किती क्षेत्रांत या जागी प्रत्यक्ष काम मिळेल, हे नेमके विचारावे आणि मोघम उत्तरावर समाधान मानू नये. शक्य असेल तर तिथे आधी काम केलेल्या इंटर्नशी दहा मिनिटे बोलावे.

लेखी करार आणि आराखडा

जागा ठरली की विद्यापीठ, शालेय जिल्हा आणि तुम्ही यांच्यात लेखी करार होतो. त्यात कालावधी, तास, पर्यवेक्षकाचे नाव, पर्यवेक्षणाचे स्वरूप, मानधन, तसेच तुमचे काम कोण आणि केव्हा जोखणार हे स्पष्ट असावे. सोबत वर्षाचा आराखडा जोडला जातो. आराखड्यात ‘समुपदेशनाचा अनुभव घेणे’ असे विधान लिहू नये. ‘पहिल्या सत्रात पर्यवेक्षकासोबत एक गट चालवणे, दुसऱ्या सत्रात स्वतंत्रपणे एक गट आणि तीन मुलांचे वैयक्तिक समुपदेशन’ असे लिहावे. मोजता येईल असे उद्दिष्ट कागदावर असले की जानेवारीत ते मागे पडल्याचे दिसते आणि त्याबद्दल कोणाला न दुखावता बोलता येते.

पहिले काही आठवडे

शाळा सुरू होताच चाचण्यांची पेटी उघडण्याची घाई करू नये. आधी कार्यालयातील कर्मचारी, विशेष शिक्षणाचे शिक्षक, भाषा-वाचा तज्ज्ञ, परिचारिका आणि समुपदेशक यांना भेटावे. कोणत्या मुलाबद्दलची काळजी कोणत्या मार्गाने तुमच्यापर्यंत येते, हे याच लोकांकडून कळते. पर्यवेक्षकाच्या बैठकांना नुसते बसून राहू नये. कोण आधी बोलते, पालक केव्हा गप्प होतात, कोणता शब्द त्यांना कळलेला नसतो, हे टिपावे. त्यानंतर जबाबदारी पायऱ्यापायऱ्यांनी घ्यावी: आधी पाहणे, मग पर्यवेक्षकासमोर करणे, मग स्वतः करून त्याची चर्चा करणे.

याच काळात कायद्याचा अभ्यास पक्का करावा. विशेष शिक्षणाचा पाया असलेला केंद्रीय कायदा ‘आयडिया’ या नावाने ओळखला जातो. त्याची सुरुवात १९७५ सालच्या कायद्यातून झाली आणि त्यात २००४ मध्ये मोठा बदल झाला. पालकांच्या लेखी संमतीनंतर ६० दिवसांत पहिले मूल्यमापन पूर्ण व्हावे लागते. राज्याने वेगळी मुदत ठरवली असेल तर ती लागू होते. मूल्यमापनाची संमती म्हणजे सेवा सुरू करण्याची संमती नव्हे. ती स्वतंत्रपणे घ्यावी लागते. पात्रतेसाठी अक्षमतेचे तेरा प्रकार आहेत. केवळ निदान असून भागत नाही, त्या अक्षमतेमुळे मुलाला विशेष शिक्षणाची गरज आहे हेही दाखवावे लागते. डॉक्टरांचे पत्र घेऊन आलेल्या पालकांना हा फरक समजावून सांगण्याची वेळ वारंवार येते, म्हणून तो सोप्या शब्दांत सांगण्याचा सराव आधीच करावा.

मूल्यमापन: आकड्यांच्या पलीकडे

प्रत्येक मूल्यमापनाची सुरुवात प्रश्नापासून होते. ‘हा मुलगा मागे आहे, तपासा’ हा प्रश्न नव्हे. शिक्षकांकडे बसून विचारावे: कशात मागे आहे, केव्हापासून, कोणत्या तासाला, काय केल्यावर थोडा फरक पडला? वाचताना तो अडतो की वाचलेले त्याला कळत नाही? प्रश्न असा टोकदार झाला की कोणती साधने लागतील हे ठरवणे सोपे जाते. नेहमीचा ठरलेला चाचणीसंच प्रत्येक मुलाला लावण्याचा मोह टाळता येतो.

एखादे उदाहरण जवळून पाहू. सहा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी वेक्सलर मापनश्रेणी या बुद्धिमत्ता चाचणीची पाचवी आवृत्ती सर्वत्र वापरली जाते. तिच्यात रंगीत ठोकळे जुळवून दाखवलेली आकृती तयार करण्याची वेळबद्ध उपचाचणी आहे. एक मूल प्रत्येक ठोकळा फिरवून पाहते, पुन्हा आकृतीशी ताडते, आणि वेळ संपल्यावर काही सेकंदांनी अचूक रचना पूर्ण करते. दुसरे मूल दोन ठोकळे ठेवून ‘मला नाही येत’ म्हणत हात मागे घेते. गुणांच्या रकान्यात दोघांसमोर शून्यच येते. पहिल्या मुलाबाबत विचार वेगाचा आणि काळजीपूर्वक काम करण्याच्या सवयीचा होईल, तर दुसऱ्याबाबत अपयशाच्या भीतीचा किंवा खरोखरच्या अडचणीचा. म्हणून गुणपत्रिकेच्या कडेला निरीक्षणे लिहिण्याची शिस्त पहिल्या चाचणीपासून लावावी. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहावेत.

आकडे काढतानाही दक्षता हवी. मुलाचे नेमके वय मोजण्यात एका महिन्याची चूक झाली, तर तक्ता बदलू शकतो आणि त्याबरोबर गुणही. बेरीज दोनदा करावी, आणि सुरुवातीच्या केसेसच्या गुणपत्रिका पर्यवेक्षकाकडून पूर्ण तपासून घ्याव्यात. गुण नेहमी त्याच्या मर्यादांसह सांगावा, कारण कोणतीही चाचणी एका बिंदूवर बोट ठेवू शकत नाही. कोणत्याही एकाच मापनावरून पात्रता ठरवू नये, हे तर कायदाच सांगतो.

इथे इतिहास आठवणे गरजेचे आहे. कॅलिफोर्नियात ‘लॅरी पी. विरुद्ध राइल्स’ या खटल्यात १९७९ मध्ये संघीय न्यायालयाने निकाल दिला, की कृष्णवर्णीय मुलांना मंद बौद्धिक विकास असलेल्या मुलांच्या वर्गांत टाकण्यासाठी बुद्ध्यांक चाचण्या वापरता येणार नाहीत; त्या वर्गांत अशा मुलांचे प्रमाण अवाजवी होते. चाचणी घेणाऱ्याच्या हाती मुलाची शाळेतील सगळी वाट बदलण्याची ताकद असते, आणि तिचा गैरवापर हेतू वाईट नसतानाही होऊ शकतो. नुकतेच इंग्रजी शिकू लागलेल्या मुलाचे शब्दसंपत्तीचे गुण कमी आले, तर त्यातून त्याच्या बुद्धीबद्दल फारच थोडे कळते. शक्य असेल तोवर मुलाच्या भाषेत आणि त्याच्याकडून खरी माहिती मिळेल अशा रीतीने मूल्यमापन करणे कायद्याने बंधनकारक आहे. दुभाषी लागत असेल तर मोठ्या भावंडाला बसवू नये. प्रशिक्षित व्यक्ती घ्यावी आणि चाचणीआधी तिला सूचना नीट समजावून द्याव्यात, म्हणजे उत्साहाच्या भरात ती मुलाला उत्तर सुचवणार नाही.

अहवाल कोण वाचणार आहे?

अहवाल पालक वाचतात, पुढच्या वर्षीचे शिक्षक वाचतात, आणि कधीकधी मोठेपणी ते मूलही वाचते. ‘प्रक्रिया-वेग निर्देशांक ८२ असून तो सरासरीपेक्षा कमी श्रेणीत आहे’ एवढ्या वाक्याने कोणाचेच काम होत नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल: ‘साध्या खुणा पाहून चटकन लिहिण्याच्या कामात त्याच्या वयाच्या १०० मुलांपैकी साधारण १२ मुले त्याच्या मागे असतात. वर्गातही फळ्यावरचे उतरवून घेताना तो दोन शब्द लिहून पुन्हा वर पाहतो आणि इतरांचे लिहून झाले तरी त्याचे अर्धेच झालेले असते. त्याला छापील टिपणे द्यावीत आणि लेखी परीक्षेत जादा वेळ द्यावा.’ गुण, निरीक्षण आणि शिफारस अशी एकमेकांना बांधली की शिक्षक दुसऱ्याच दिवशी काहीतरी करू शकतो. निरीक्षण नसेल तर मात्र ते वाक्य रचू नये. वर्गात जाऊन पाहून यावे.

पहिल्या काही अहवालांवर पर्यवेक्षकाच्या खुणा भरपूर येतील. प्रत्येक खुणेमागचे कारण विचारावे. ‘शैलीचा प्रश्न’ म्हणून केलेली दुरुस्ती आणि ‘हा निष्कर्ष पुराव्यावर टिकत नाही’ म्हणून केलेली दुरुस्ती यांतला फरक कळणे हेच शिक्षण आहे. अहवालावर इंटर्नसोबत पर्यवेक्षकाचीही स्वाक्षरी असते, तेव्हा त्यांना वाचायला पुरेसे दिवस मिळतील असा अहवाल द्यावा, बैठकीच्या आदल्या रात्री नव्हे.

पर्यवेक्षणाचा तास वाया जाऊ न देणे

पर्यवेक्षणाच्या तासाला काय घेऊन जावे, हे इंटर्नने ठरवायचे असते. मोकळ्या हाताने गेल्यास तो तास कामाच्या याद्या आणि तारखा यांतच संपतो. जाण्याआधी एका पानावर चार गोष्टी लिहाव्यात: मूळ प्रश्न काय आहे, आतापर्यंतचा पुरावा काय सांगतो, याच पुराव्याचे दुसरे कोणते स्पष्टीकरण असू शकते, आणि कोणती नवी माहिती मिळाली तर माझे मत बदलेल. तिसरा मुद्दा लिहायला सर्वांत जड जातो. लक्ष न लागणारा मुलगा अतिचंचलतेचा वाटतो. पण त्याची झोप, ऐकण्याची क्षमता, घरातील अस्थैर्य, किंवा न कळणारा अभ्यास यांपैकी काय तपासले आणि काय राहिले, हे त्या ओळीत उघडे पडते.

सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर तो सर्वांत आधी घ्यावा. त्यानंतर अडलेली केस, मग स्वतःच्या मनावर झालेला परिणाम. एखाद्या पालकाचा राग आला, एखाद्या मुलाबद्दल प्रमाणाबाहेर माया वाटू लागली, एखाद्या शिक्षकाला टाळावेसे वाटते, या गोष्टी निर्णयांवर नकळत परिणाम करतात; म्हणून त्या सांगणे हा कामाचाच भाग आहे. शक्य तिथे, पालकांच्या लेखी परवानगीने, एखादे समुपदेशन सत्र ध्वनिमुद्रित करून सोबत ऐकावे. आपण काय म्हणालो याची आपली आठवण आणि प्रत्यक्ष मुद्रण यांत पुष्कळ अंतर असते.

पर्यवेक्षण वारंवार रद्द होऊ लागले, तर गप्प राहू नये. आधी पर्यवेक्षकाशीच शांतपणे बोलावे आणि पर्यायी वेळ सुचवावी. तरीही सुधारणा झाली नाही, तर विद्यापीठातील पर्यवेक्षकाला तारखांसह लेखी कळवावे. करार त्यासाठीच केलेला असतो. मुलांचे हित आणि तुमचे शिक्षण हे दोन्ही इथे पणाला लागलेले असते, त्यामुळे असे कळवण्याला तक्रारखोरपणा समजण्याचे कारण नाही.

उपाययोजना आणि सल्लामसलत

मूल्यमापनाइतकाच वेळ उपाययोजनेला मिळावा, यासाठी आग्रह धरावा. वर्तनाच्या प्रश्नात मुलाने काय केले यासोबत त्याआधी काय घडले आणि त्यानंतर त्याला काय मिळाले हे नोंदवावे लागते. गणिताच्या तासाला पुस्तक फेकणाऱ्या मुलाला दरवेळी वर्गाबाहेर पाठवले जात असेल, तर कदाचित त्याला नको असलेले गणित त्यामुळे टळत असते, आणि शिक्षाच त्या वर्तनाला खतपाणी घालते. मग अवघड गणिते कमी करून देणे, विश्रांती मागण्याचा शब्द किंवा कार्ड शिकवणे, आणि त्याने तसे मागितल्यावर ते खरोखर देणे, असा आराखडा शिक्षकासोबत बसून करावा. शिक्षकाला तीस मुले सांभाळून तो राबवता आला पाहिजे. न जमणारा उत्तम आराखडा निरुपयोगी असतो. आधीची आणि नंतरची नोंद आलेखावर मांडावी. बहुतेक अभ्यासक्रमांत अशा कामाचा लेखी केस-अभ्यास सादर करावाच लागतो, तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच एक-दोन केसेस हेरून ठेवाव्यात, नाहीतर वसंतात मोजमापाला दिवस उरत नाहीत.

गोपनीयता आणि संकट

बालशोषणाचा वाजवी संशय आला तर तो कळवणे शाळेतील कर्मचाऱ्यांना कायद्याने बंधनकारक आहे. पुरावा गोळा करणे तुमचे काम नाही. मुलाशी पहिल्याच भेटीत, त्याच्या वयाला कळेल अशा भाषेत, कोणत्या गोष्टी गुप्त राहतील आणि कोणत्या सांगाव्या लागतील हे सांगावे. आत्महत्येचा विचार मुलाने बोलून दाखवला, तर त्याला एकटे सोडू नये, थेट आणि शांत शब्दांत प्रश्न विचारावेत, पर्यवेक्षकाला तत्काळ बोलवावे आणि पालकांना कळवावे. अशा वेळी इंटर्नने एकट्याने निर्णय घ्यायचा नसतो. म्हणून पर्यवेक्षक शाळेत नसताना कोणाला बोलवायचे, त्या व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक कोणता, हे पहिल्याच आठवड्यात लिहून घ्यावे आणि शाळेचा आत्महत्या-जोखीम तपासणीचा नमुना एकदा पर्यवेक्षकासोबत भूमिका घेऊन वापरून पाहावा. १९७४ च्या ‘फेर्पा’ कायद्यानुसार पालकांना मुलाच्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क आहे. स्वतःपुरत्या काढलेल्या आणि कोणालाही न दाखवलेल्या टिपणांचा त्यात समावेश होत नाही. तरी पालकांनी वाचले तर आपल्याला संकोच वाटेल असे काहीही लिहू नये, हा नियम सुरक्षित आहे.

नोंदी, परीक्षा आणि परवाना

तासांची नोंद दर शुक्रवारी करावी आणि महिन्यातून एकदा स्वाक्षरी घ्यावी. मे महिन्यात आठवून भरलेली नोंदवही कोणालाच पटत नाही. राष्ट्रीय पातळीवरील एनसीएसपी हे प्रमाणपत्र हवे असेल, तर शालेय मानसशास्त्राची ५४०३ क्रमांकाची प्रॅक्सिस परीक्षा किमान १५५ गुणांनी उत्तीर्ण व्हावी लागते. ती वर्षाच्या पहिल्या सत्रातच द्यावी, म्हणजे गरज पडल्यास पुन्हा देता येते. प्रमाणपत्राचे नूतनीकरण दर तीन वर्षांनी होते व त्यासाठी ७५ तासांचे पुढील शिक्षण लागते.

शेवटच्या आठवड्यांत समुपदेशनातील मुलांना निरोपाची कल्पना बऱ्याच आधी द्यावी, आणि अपुऱ्या केसेसची यादी पर्यवेक्षकाच्या हाती द्यावी: संमतीची तारीख, मुदत, काय झाले, काय राहिले. नोकरीच्या मुलाखती बहुधा याच सुमारास चालू असतात. तिथे पगारासोबत पहिल्या वर्षी मार्गदर्शक मिळेल का, किती शाळा सांभाळाव्या लागतील, आणि अडलेल्या केसवर बोलायला आठवड्यात कोणती वेळ राखून ठेवलेली आहे, हे विचारावे. परवाना मिळाल्यावर कायद्याने पर्यवेक्षण सक्तीचे नसले, तरी पहिली दोन-तीन वर्षे ते मागून घ्यावे आणि शक्य असल्यास नियुक्तीपत्रात लिहून घ्यावे.